लांबलचक इंग्रजी शब्द फोडून कसे वाचावेत आणि कसे लक्षात ठेवावेत

सेमी-इंग्रजीच्या वर्गात विज्ञानाचे पुस्तक उघडल्यावर फोटोसिंथेसिस हा 14 अक्षरांचा शब्द समोर येतो, तेव्हा बहुतेक मुले पी-एच-ओ-टी-ओ अशी सुरुवात करून सगळी अक्षरे एका दमात घोकतात. परीक्षेपर्यंत ती टिकतात आणि नंतर विरून जातात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तरुण किंवा नोकरीत इंग्रजी पत्रव्यवहार करावा लागणारे प्रौढ यांचीही अडचण हीच असते. घोकण्याला पर्याय आहे तो शब्द फोडण्याचा, आणि ती रीत अगदी नव्याने शिकणाऱ्यालाही जमण्यासारखी आहे.

आरंभीच एक गोष्ट पक्की करून घ्यावी. इंग्रजी शब्द दोन प्रकारे फोडता येतो. एक फोड उच्चाराची असते. शब्द बोलताना त्याचे जे ठोके पडतात त्यांना इंग्रजीत सिलॅबल म्हणतात. या लेखात त्यांना उच्चारखंड म्हटले आहे. दुसरी फोड अर्थाची असते, म्हणजे उपसर्ग, मूळ आणि प्रत्यय वेगळे करणे. या दोन फोडी पुष्कळदा एकाच जागी पडत नाहीत. हेलिकॉप्टर हा शब्द बोलताना हे-लि-कॉप्-टर असे चार ठोके पडतात, आणि त्यामुळे त्यात ‘हेली’ आणि ‘कॉप्टर’ असे दोन शब्द असावेत असे वाटते. प्रत्यक्षात तो ‘हेलिको’ म्हणजे मळसूत्रासारखे फिरणारे आणि ‘प्टर’ म्हणजे पंख या दोन ग्रीक तुकड्यांचा बनलेला आहे. मोठ्याने वाचताना पहिली फोड उपयोगी पडते, तर अर्थ आणि स्पेलिंग यांसाठी दुसरी. माझा आग्रह असा की आधी अर्थाची फोड करावी आणि मग उच्चाराची, कारण उच्चाराचे नियम शब्दाच्या सांध्यावर फसतात आणि सांधा कुठे आहे हे अर्थच सांगतो.

याचे रोजच्या ऐकण्यातले उदाहरण म्हणजे जर्मन शेफर्ड. आपल्याकडे कुत्र्याच्या या जातीचे नाव सर्रास ‘शेफर्ड’ असे उच्चारले जाते, कारण पी आणि एच शेजारी आले की त्यांचा ‘फ’ होतो हा नियम आपल्याला शाळेत शिकवलेला असतो. पण हा शब्द शीप आणि हर्ड, म्हणजे मेंढरे आणि ती राखणारा, अशा दोन शब्दांचा आहे. पी पहिल्याचा आणि एच दुसऱ्याचा असल्यामुळे त्यांचा ‘फ’ होत नाही आणि योग्य उच्चार ‘शेपर्ड’ असा होतो.

पहिली पायरी: शेवटाकडून सुरुवात

शब्द वाचताना डोळा डावीकडून उजवीकडे जातो, पण फोडताना शेवटाकडून सुरुवात केलेली बरी. शेवटचा प्रत्यय एकाच वेळी दोन गोष्टी सांगतो: हा शब्द वाक्यात कोणते काम करणार आणि त्याच्या उच्चारात जोर कुठे पडणार. शेवटी टी-आय-ओ-एन असेल, तर तो बहुधा नाम असतो आणि त्या चार अक्षरांचा उच्चार ‘शन’ असा होतो. मेंट, नेस, इटी, शिप यांनी संपणारे शब्दही नामेच असतात. एबल, फुल, लेस, इक हे प्रत्यय विशेषणे बनवतात, तर आइझ आणि इफाय क्रियापदे बनवतात. ली हा प्रत्यय बहुधा क्रियाविशेषण बनवतो, मात्र तो नामाला लागला की विशेषण होते, जसे फ्रेंडपासून फ्रेंडली.

प्रत्यय एकापुढे एक असे दोन-तीनही असू शकतात. केअरलेसनेस या शब्दात आधी नेस काढावे, मग लेस काढावे, म्हणजे केअर उरते. काळजी, काळजी नसलेला, काळजी नसणे, असा अर्थ एकेका थराने उलगडत जातो.

प्रत्यय काढताना सांध्यावरची डागडुजी ओळखता आली पाहिजे, नाहीतर उरलेला तुकडा अनोळखी वाटतो. शेवटचे मूक ई स्वराने सुरू होणाऱ्या प्रत्ययापुढे बहुधा गळते, म्हणून होपचे होपिंग होताना ई दिसत नाही. व्यंजनानंतर आलेल्या वायचा आय होतो, म्हणून हॅपीपासून हॅपिनेस आणि ब्यूटीपासून ब्यूटिफुल बनताना वायच्या जागी आय येतो. रनचे रनिंग होताना एन दोनदा येतो. स्वतंत्र फुल या शब्दात दोन एल असतात, पण प्रत्यय म्हणून लागल्यावर एकच उरतो. एवढे माहीत असले की बिझनेस हा शब्द बिझी आणि नेस यांचा आहे हे दिसते आणि त्याच्या स्पेलिंगमध्ये न ऐकू येणारा आय कुठून आला याचा उलगडा होतो.

गव्हर्नमेंट आणि एन्व्हायर्नमेंट या दोन शब्दांत मेंटच्या आधीचा एन बोलताना जवळजवळ ऐकू येत नाही, म्हणून लिहिताना तो हमखास गळतो. मेंट बाजूला काढून गव्हर्न आणि एन्व्हायर्न उरतात हे एकदा डोळ्यांनी पाहिले, की तो एन पुन्हा गळत नाही.

दुसरी पायरी: उपसर्ग आणि त्यांची संधी

आता शब्दाच्या आरंभाकडे यावे. अन, री, डिस, मिस, प्री, इंटर, ट्रान्स, सब असे वीसेक उपसर्ग ओळखीचे झाले तरी पुस्तकी इंग्रजीतील पुष्कळशा शब्दांचे दार उघडते. उपसर्ग जोडताना त्याचे स्वतःचे एकही अक्षर सहसा कमी होत नाही आणि मूळ शब्दाचेही होत नाही. डिस आणि अपिअर मिळून डिसअपिअर होते, तेव्हा एस एकच असतो, कारण अपिअरच्या आरंभी एस नाहीच. मिस आणि स्पेल मिळून मिसस्पेल होते, तेव्हा दोन एस येतात, एक उपसर्गाचा आणि एक शब्दाचा. अननेसेसरीमध्ये आरंभी दोन एन येतात तेही याच कारणाने. अक्षर एकदा लिहायचे की दोनदा, ही शंका इंग्रजी लिहिणाऱ्याला रोज पडते, आणि तिचे उत्तर सांध्यावर बोट ठेवल्यावर मिळते.

काही लॅटिन उपसर्ग मात्र पुढच्या अक्षराप्रमाणे आपले रूप बदलतात, आणि मराठी माणसाला हे समजणे मुळीच अवघड नाही, कारण आपण व्यंजनसंधी शाळेत शिकलेलो असतो. उत् आणि लेख यांचे जसे उल्लेख होते, सत् आणि जन यांचे जसे सज्जन होते, तसेच नकारार्थी इन हा उपसर्ग लीगलपुढे इल होतो, रेग्युलरपुढे इर होतो आणि पॉसिबल किंवा मॅच्युअरपुढे इम होतो. म्हणून इल्लीगलमध्ये दोन एल, इर्रेग्युलरमध्ये दोन आर आणि इम्मॅच्युअरमध्ये दोन एम येतात.

याच संधीने ॲकॉमोडेशन हा शब्द सोपा होतो. निवासाची सोय सांगणाऱ्या फलकांवर तो बऱ्याचदा एकाच एमने लिहिलेला असतो. या शब्दाच्या आरंभी एक नव्हे, दोन उपसर्ग आहेत. पहिला ॲड, म्हणजे ‘कडे’. तो सी या अक्षरापुढे आला म्हणून त्यातल्या डीचा सी झाला. दुसरा कॉम, म्हणजे ‘सह’. त्यानंतर मोड हे मूळ आहे आणि ते एमने सुरू होते. म्हणजे दोन सीपैकी एक ॲडचा आणि एक कॉमचा, तर दोन एमपैकी एक कॉमचा आणि एक मोडचा. शेवटी एशन हा प्रत्यय. ही फोड एकदा स्वतःच्या हाताने कागदावर मांडून पाहिली, तर सी दोन की एक, एम दोन की एक, हा प्रश्न पुन्हा पडत नाही.

उपसर्ग ओळखताना एक कसोटी लावावी. तुकडा काढल्यावर उरलेल्या भागाला काही अर्थ किंवा निदान दुसऱ्या शब्दांत ओळख आहे का, हे पाहावे. अंकल या शब्दाच्या आरंभी यू-एन आहे, पण ती काढल्यावर उरणाऱ्या सी-एल-ईला काहीच अर्थ नाही, म्हणून तिथे उपसर्ग नाही. रीडिंगमधील आर-ई हासुद्धा उपसर्ग नव्हे. टुगेदर हा शब्द टू, गेट आणि हर असा तोडून पाठ करण्याची युक्ती सर्वत्र प्रचलित आहे. स्पेलिंग आठवण्यापुरती ती चालेल, पण ती अर्थाची फोड नाही आणि उच्चाराचीही नाही, कारण तिने टी आणि एच ही एकाच ध्वनीची जोडी मधोमध चिरली जाते. लेफ्टनंट या शब्दाचे लाय, यू, टेन, अँट असे तुकडे पाठ करायला लावतात त्याबाबतही हेच म्हणता येईल. त्या शब्दाचे खरे तुकडे लू आणि टेनंट असे आहेत. पहिल्याचा अर्थ जागा आणि दुसऱ्याचा धारण करणारा, म्हणजे वरिष्ठाच्या जागी काम पाहणारा. पाठांतराची युक्ती आणि खरी फोड यांतला फरक शिकवणाऱ्याने विद्यार्थ्याला सांगितलाच पाहिजे.

तिसरी पायरी: मूळ आणि त्याचे गोत

उपसर्ग आणि प्रत्यय काढल्यावर जे उरते ते मूळ. कधी तो पूर्ण इंग्रजी शब्द असतो, जसा अनबिलिव्हेबलमध्ये बिलीव्ह. पुस्तकी आणि शास्त्रीय शब्दांत मात्र ते बहुधा लॅटिन किंवा ग्रीक मूळ असते आणि एकटे कुठे सापडत नाही. पोर्ट म्हणजे वाहून नेणे, म्हणून इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट आणि पोर्टेबल. डिक्ट म्हणजे बोलणे, म्हणून प्रेडिक्ट, कॉन्ट्राडिक्ट आणि डिक्शनरी. रप्ट म्हणजे तुटणे, म्हणून इंटरप्ट, करप्ट आणि बँकरप्ट. इंटरप्टमध्ये आर दोन असतात, कारण इंटरच्या शेवटी एक आहे आणि रप्टच्या आरंभी एक.

विज्ञानातले शब्द जास्त करून ग्रीक मुळांचे आहेत, आणि तिथे मराठी पारिभाषिक शब्द शेजारी ठेवला की काम फारच हलके होते. टेलिव्हिजन आणि दूरदर्शन, थर्मामीटर आणि तापमापी, बायॉलॉजी आणि जीवशास्त्र या जोड्या तुकड्याला तुकडा लावून पाहाव्यात. फोटोसिंथेसिसमध्ये फोटो म्हणजे प्रकाश, सिन म्हणजे एकत्र आणि थेसिस म्हणजे मांडणे. मराठीत प्रकाश, सं आणि श्लेषण हे तुकडे त्याच क्रमाने येतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाकडे ही शिदोरी आधीपासून असते, आणि ती वापरायला त्याला कोणी सांगत नाही याचे मला वाईट वाटते.

दवाखान्यातील कागद वाचतानाही या पायरीचा उपयोग होतो. आयटिस म्हणजे दाह, म्हणून टॉन्सिलायटिस म्हणजे टॉन्सिलचा दाह. गॅस्ट्रो म्हणजे जठर आणि एन्टर म्हणजे आतडे, म्हणून गॅस्ट्रोएन्टरायटिस म्हणजे या दोन्हींचा दाह. हायपर म्हणजे प्रमाणापेक्षा अधिक आणि हायपो म्हणजे प्रमाणापेक्षा कमी. हायपरथायरॉइडिझम आणि हायपोथायरॉइडिझम हे शब्द कागदावर जवळजवळ सारखे दिसतात, पण पहिल्यात थायरॉइड ग्रंथीचे काम गरजेपेक्षा जास्त होत असते आणि दुसऱ्यात कमी. आरंभीची चार-पाच अक्षरे नीट वाचल्याखेरीज पुढे जाऊ नये.

चौथी पायरी: उच्चारखंड

अर्थाचे तुकडे पडले की प्रत्येक तुकड्याचे उच्चारखंड पाडावेत. मराठीत ‘घर’ लिहिताना दोन अक्षरे दिसतात, पण बोलताना घर् असा एकच ठोका पडतो. ‘घरात’ म्हणताना घ-रात् असे दोन पडतात. ठोका कानाने मोजायचा असतो, हे इंग्रजीतही खरे आहे. एका उच्चारखंडात ऐकू येणारा स्वर एकच असतो, मग लिहिलेली स्वराक्षरे कितीही असोत. मेक या शब्दात ए आणि ई अशी दोन स्वराक्षरे आहेत, पण शेवटचे ई मूक असल्यामुळे खंड एकच. भूतकाळी ई-डी लागल्यावर नवा खंड तेव्हाच पडतो जेव्हा आधी टी किंवा डीचा ध्वनी असतो. म्हणून वॉन्टेडचे दोन खंड होतात, पण वॉक्डचा एकच, आणि वॉकेड असे म्हणणे चूक ठरते.

दोन स्वरांच्या मध्ये दोन व्यंजने असतील तर साधारणपणे त्यांच्या मधोमध तोडावे: नॅप्-किन, बास्-केट, ऑक्-टो-बर. व्यंजन एकच असेल तर आधी ते पुढच्या खंडाला देऊन पाहावे, म्हणजे मागचा स्वर दीर्घ राहतो: टाय-गर, पे-पर, म्यू-झिक. तसे वाचून ओळखीचा शब्द तयार झाला नाही तर व्यंजन मागच्या खंडाला द्यावे, म्हणजे स्वर ऱ्हस्व होतो: कॅब्-इन, लेम्-अन, रिव्ह्-अर. बोलताना कॅ-बिन म्हटले तरी काही बिघडत नाही; स्वर ऱ्हस्व आहे एवढेच त्या फोडीतून शिकायचे असते. तीन किंवा चार व्यंजने एकत्र आली तर जे जोडाक्षर इंग्रजी शब्दाच्या आरंभी येऊ शकते ते अखंड ठेवावे, म्हणून कन्-स्ट्रक्ट आणि हन्-ड्रेड. शेवटी व्यंजनानंतर एल-ई असेल तर ती तिन्ही अक्षरे मिळून एक खंड होतो, जसे टे-बल आणि कॅन्-डल. दोन स्वराक्षरे स्वतंत्रपणे ऐकू येत असतील तर त्यांच्या मध्ये तोडावे, जसे लाय-अन आणि क्री-एट.

पाचवी पायरी: जोर कुठे द्यावा

मराठी बोलताना आपण सगळ्या ठोक्यांना साधारण सारखेच वजन देतो. इंग्रजीत मोठ्या शब्दाचा एक खंड जोराने उच्चारतात आणि बाकीच्या खंडांतील स्वर पुष्कळदा आखडून अस्पष्ट ‘अ’ होतात. जोर चुकला तर समोरच्या इंग्रजी भाषकाला ओळखीचा शब्दही कळत नाही, म्हणून ही पायरी गाळू नये.

इथे पहिल्या पायरीवर काढलेला प्रत्यय पुन्हा हाती घ्यावा. शन, इक, इकल आणि इटी यांच्या लगेच आधीच्या खंडावर जोर पडतो. एज्युकेशनमध्ये ‘के’वर, इलेक्ट्रिकमध्ये ‘लेक’वर आणि इलेक्ट्रिसिटीमध्ये ‘ट्रि’वर. अपवाद आहेत, अरिथमेटिक हे नाम ‘रिथ’वर जोर देऊन उच्चारतात. मेंट, नेस, फुल, लेस, ली हे प्रत्यय मात्र जोर हलवत नाहीत. डेव्हलप या क्रियापदात जोर दुसऱ्या खंडावर, ‘व्हे’वर असतो आणि डेव्हलपमेंटमध्येही तो तिथेच राहतो, जरी आपल्याकडे तो पहिल्या खंडावर द्यायची सवय आहे. फोटोग्राफमध्ये पहिल्या खंडावर असलेला जोर फोटोग्राफीत दुसऱ्यावर जातो आणि उच्चार ‘फटॉग्रफी’ असा होतो. रेकॉर्ड हा शब्द नाम असताना पहिल्या खंडावर जोर घेतो आणि क्रियापद असताना दुसऱ्यावर, ‘रिकॉर्ड’ असा.

आखडलेल्या ‘अ’मुळे स्पेलिंगची पंचाईत होते, कारण कानाला ए, ई आणि ओ सगळे सारखेच ऐकू येतात. त्यावर उपाय म्हणजे त्याच गोतातला असा शब्द शोधणे, ज्यात तोच स्वर जोराखाली येऊन स्पष्ट होतो. ग्रामरच्या शेवटी ई-आर की ए-आर अशी शंका आली तर ग्रमॅटिकल म्हणून पाहावे; तिथे ‘मॅ’ स्पष्ट ऐकू येते, म्हणून ए. एडिटरचा ओ एडिटोरियलमध्ये ऐकू येतो. डेफिनिटलीमध्ये फायनाइट हा शब्द अक्षरशः जसाच्या तसा बसलेला आहे, म्हणून तिथे ए लिहायचा प्रश्नच येत नाही.

सगळ्या पायऱ्या एका शब्दावर

इररिस्पॉन्सिबिलिटी हा 16 अक्षरांचा शब्द घेऊ. शेवटी इटी आहे, म्हणजे हे नाम. ते काढल्यावर जे उरते ते इबल या विशेषणी प्रत्ययाचे रूप आहे, इटी लागल्यामुळे इबिल झालेले, जसे एबलपासून अबिलिटी होताना होते. आरंभी इर आहे, म्हणजे नकारार्थी इनचे आरपुढचे रूप, आणि त्यामुळे दोन आर. मग री, म्हणजे उलट किंवा परत. उरले स्पॉन्स, ज्याचे लॅटिन मूळ वचन देण्याच्या अर्थाचे आहे. तेच रिस्पॉन्स, म्हणजे उत्तर, यातही आहे. उत्तर देण्यास बांधलेला तो रिस्पॉन्सिबल, आणि मराठीतले उत्तरदायित्व याच वाटेने आले आहे. आता उच्चारखंड पाडू: इर-री-स्पॉन-सि-बि-लि-टी, एकूण सात. इटीच्या आधीचा खंड ‘बि’, म्हणून जोर तिथे. 16 अक्षरांचा शब्द अशा रीतीने पाच तुकड्यांचा झाला आणि त्यातला एकही तुकडा नवा उरला नाही.

पडताळा कसा घ्यावा

आपली फोड शब्दकोशात तपासावी, पण कोश काय दाखवतो ते समजून घ्यावे. ऑक्सफर्डच्या विद्यार्थी कोशांत उच्चाराच्या कंसात जोराच्या खंडाआधी एक छोटी उभी रेघ वर काढलेली असते. मेरियम-वेबस्टरसारख्या अमेरिकन कोशांत मूळ शब्दातच ठिपके दिलेले असतात. ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा झाल्यास कुठे तोडावा हे ते ठिपके सांगतात. ते सहसा उच्चारखंडांशी जुळतात, पण नेहमी जुळतीलच असे नाही. अमेरिकन कोशकार नोआ वेबस्टर यांनी 1783 मध्ये आपल्या स्पेलिंगच्या पुस्तकात शब्द उच्चारानुसार तोडण्याचा आग्रह धरला होता, आणि अमेरिकन रीत साधारण तशीच राहिली. ब्रिटिश परंपरेत शब्दाच्या घडणीला अधिक मान आहे. म्हणून नॉलेज हा शब्द अमेरिकेत एलनंतर तोडतात आणि ब्रिटनमध्ये नो, म्हणजे जाणणे, हा भाग अखंड ठेवून एलच्या आधी. दोन कोशांत दोन फोडी दिसल्या तर गोंधळून जाऊ नये. त्या दोन वेगळ्या रीती आहेत.

सरावासाठी रोज वाचनात आलेला एखादाच मोठा शब्द घ्यावा, वहीच्या एका ओळीवर त्याचे अर्थाचे तुकडे बेरजेची चिन्हे टाकून लिहावेत, खालच्या ओळीवर उच्चारखंड लिहून जोराचा खंड अधोरेखित करावा आणि शेजारी त्याच गोतातले दोन-तीन शब्द टिपावेत. पहिल्या दिवशी अनकॉन्स्टिट्यूशनल घ्यायला हरकत नाही. अन, कॉन, स्टिट्यूट, शन, अल हे त्याचे तुकडे. स्टिट्यूट म्हणजे उभे करणे किंवा स्थापणे. त्यातला शेवटचा टी शनच्या आरंभीच्या टीमध्ये मिसळून जातो. खंड सहा, आणि जोर शनच्या आधीच्या ‘ट्यू’वर. इन्स्टिट्यूट आणि सब्स्टिट्यूट हे त्याचे गोत वहीत शेजारी येईल.